सकाळ सरताच निवळेल

वसंत सरत आला की त्या शहरात धुकं मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखं यायचं आणि जायचं नाव घ्यायचं नाही. जमीन तापलेली, समुद्र मात्र गारच. त्या गार पाण्यावरून वारा आला की सगळं बंदर दुधाळ होऊन जायचं. रस्त्यात आधी बुटांचे आवाज यायचे, माणसं मागाहून.

हवामान कचेरीत उद्याचा अंदाज लिहिणं ताईचं काम. तिथली एक गंमत होती. अंदाज हातावेगळा होईपर्यंत खिडकीचा पडदा उघडायचा नाही. बाहेरचं ऊन बघितलं की माणूस भुलतो, असं साहेबांचं म्हणणं. त्या दिवशीही पडदा बंद होता, पण ताई भुलायची ती भुललीच.

कारण दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा भाऊ बाबांना न्यायला येणार होता. त्याचं घर दूर डोंगरात. ताईचा तिसरा मजला आता बाबांना झेपत नव्हता. आयुष्यभर बंदरात फेरीबोट चालवलेला माणूस, पण डोळे गेले होते. दिवसभर समोर नुसतं पांढरं. फक्त लख्ख उन्हात पाण्याची चमचम तेवढी कळायची. "जाण्याआधी एकदा तेवढी बघू दे गं," ते म्हणाले होते. दुसरं काही मागितलं नव्हतं.

नकाशा म्हणत होता, वारा फिरेल आणि धुकं हटेल. किंवा फिरणारही नाही. ताईने लिहिलं, 'सकाळ सरताच निवळेल.'

"एवढं ठाम?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "गावभर लोक कपडे वाळत घालतील हां."

"घालू देत की," ताई म्हणाली, आणि तिचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी ती बाबांचा हात धरून धक्क्यावर गेली. निघताना शेजारच्या काकू ओल्या चादरी आत घेत हवामान खात्याचा उद्धार करत होत्या. ताईने मान खाली घातली. धक्क्यावरच्या बाकावर दोघं बसली. कुठूनतरी भोंगा वाजायचा आणि विरून जायचा. पाणी, आभाळ, बोटी, सगळं एकमेकांत विरघळलेलं. सकाळ सरली. धुकं उलट दाटलं. तिला स्वतःच्या हाताची बोटं अंधुक दिसायला लागली. आता भाऊ येईल, बाबा जातील, आणि एवढीशी गोष्टही आपल्याच्याने झाली नाही.

"उघडलं का गं?" बाबांनी विचारलं. त्यांनी चेहरा पाण्याकडे धरला होता.

हो म्हणणं किती सोपं होतं! त्यांना काय कळणार होतं? पण हो म्हणायला जीभ उचलेना.

"नाही, बाबा. चुकला माझा अंदाज. तुमच्यासाठी ऊन पडावं असं वाटत होतं ना, म्हणून लिहून मोकळी झाले. काही म्हणता काही दिसत नाहीये. सगळं पांढरं आहे."

"सगळं?"

"सगळंच. तुम्हीसुद्धा नीट दिसत नाही आहात."

बाबांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा असा सैल झालेला तिने पाहिला नव्हता.

"मग बस जरा, पोरी," ते म्हणाले. "मी असाच असतो रोज. एकटाच असतो."