बंबकाका टाकीत उतरतात

"हे ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल. खुशाल काढा!" घडीच्या खुर्चीत अंग बसवता बसवता बंबकाकांनी जाहीर केलं. "जगाच्या पाठीवर कोणी यावर विश्वास ठेवणार नाही. मीसुद्धा ठेवला नसता, पण काय करता, मी तिथं हजर होतो!"

खरं तर शेजारच्या गाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी प्रश्न अगदी साधा विचारला होता. बाई दातांच्या डॉक्टर. त्यांची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, इतकी नवी की आतल्या गाद्यांवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. सगळ्या गाड्या रांगेनं उभ्या राहतात त्या तळावर त्या सकाळीच येऊन पोचल्या होत्या आणि शेजारी जुनाजाणता माणूस दिसल्यावर चालत आल्या होत्या. "काका, एक सहल झाली की पुढच्या सहलीपर्यंत टाकीतलं पाणी खराब होऊ नये म्हणून तुम्ही काय करता हो?"

एवढंच. पण नेमक्या त्याच घटकेला काकांच्या गाडीत, शेगडीवर, त्याच टाकीतल्या पाण्याचं आधण ठेवलेलं होतं. आणि काकांचा जीव त्या आधणात होता.

त्याचं असं झालं होतं. काकांची सगळी हयात अग्निशमन दलाच्या बंबावर गेली. बंबावरच्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: आग विझवून परत आलास की आधी टाकी भर, मग तोंड धू. रिकामा बंब म्हणजे चाकं लावलेला पत्रा. निवृत्त झाल्यावर काकांनी हौसेनं ही गाडी घेतली आणि तिलाही तोच नियम लावला. सहलीवरून आले की सामान उतरवायच्या आधी पाइप जोडायचे, टाकी गळ्यापर्यंत भरायचे, झाकणावर दोन थापा मारायचे आणि 'तयार!' म्हणून शेडचं दार ओढायचे. पुढची सहल कधी? चार महिन्यांनी, सहा महिन्यांनी. तोवर टाकी तुडुंब.

मागच्या सहलीत काकूंनी या पाण्याचा पहिला घोट घेतला, कप खाली ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "अहो, हा चहा आहे की डबकं?"

काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. यंदा निघताना त्यांनी तेवढ्याच शांतपणे निकाल सांगितला होता, "टाकी स्वच्छ केलीय ना? मग तळावर पोचल्यावर पहिला चहा टाकीच्या पाण्याचा. दूध नाही, साखर नाही. वासाला लपायला जागाच नको. मी पिऊन बघते. वास आला, तर मी धाकटीबरोबर घरी जाणार, आणि तुम्ही या गाडीला गिऱ्हाईक बघायचं."

धाकटी म्हणजे काकूंची बहीण. ती आपली मोटार घेऊन मागोमाग आलीही होती. काकांच्या समोरच बसली होती आणि बोटात किल्ली गरगर फिरवत होती. त्या किल्लीचा आवाज काकांना बंबाच्या घंटेपेक्षा मोठा वाटत होता.

म्हणून काकांनी गोष्ट सुरू केली. भीती वाटली की त्यांच्या तोंडाला चाकं लागायची.

"डॉक्टरीणबाई, वसंत सुरू झाला आणि मी शेडचं दार उघडलं. नळ फिरवला. पाणी नाही! आधी आतून एक सुस्कारा आला. लांबलचक. झोपमोड झाल्यासारखा. मग नळातून एक हिरवा धागा लोंबायला लागला. मी ओढला. येतच राहिला! कोपरावर गुंडाळत गुंडाळत मी शेडच्या बाहेर, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. शेवाळच, पण काय सूत होतं! एक बाई मला विचारते, लोकर कुठून आणलीत?"

"स्वेटर नाही का विणून घेतला, भावोजी?" मेव्हणीनं किल्ली न थांबवता विचारलं.

"घेतला असता, पण रंग तुझ्या त्या साडीसारखा होता."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. "आणि पाणी?"

"सांगतो. शॉवर उघडला तर आतून डराव! उत्तर म्हणून गीझरमधून डराव! बेडकांनी संसार मांडला होता. त्यांतला म्हातारा बेडूक शॉवरच्या जाळीतून डोकं बाहेर काढून मला म्हणतो, पाणी गार आहे, गीझर दुरुस्त करून द्या."

"बेडूक बोलला?"

"बोलला नाही हो, बजावलं! भाडेकरूंचं तुम्हाला माहीतच आहे."

आत किटली शिट्टी मारायला लागली. काका खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. गाडीच्या दारातून काकूंचा हात दिसला, उजव्या कोपराच्या वर पांढरी पट्टी चिकटवलेला. हातानं शेगडी बंद केली, शिट्टी मावळली. काकांच्या कानात मात्र ती वाजतच राहिली.

"ताईच्या हाताला काय झालंय?" मेव्हणीनं विचारलं.

"खरचटलंय थोडं," काका घाईघाईनं म्हणाले. "तर, डॉक्टरीणबाई! पहिलं काम, सगळं पाणी सोडून द्यायचं. नुसती टाकी नव्हे हं. गीझरमधलं, पंपातलं, नळ्यांमधलं. खालचा व्हॉल्व्ह उघडायचा, सगळे नळ उघडे ठेवायचे, शॉवरचा दांडा खाली लोंबवायचा. कुठं घोटभर जरी राहिलं, तरी पुन्हा सगळी वस्ती तिथूनच उभी राहते. मी व्हॉल्व्ह उघडला. ते पाणी गटाराकडे निघालं, वाटेत शेजाऱ्याच्या गुलाबाला लागलं. संध्याकाळी शेजारी दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून फुलं तोडत होता. शिडी न लावता! आणि त्याचं मांजर नुसत्या वासानं असं आडवं झालं की त्याला हळद लावायची की हार घालायचा, ते कोणाला कळेना."

"मेलं?"

"छे! शुद्धीवर आलं आणि तेव्हापासून मासे खात नाही."

डॉक्टरीणबाईंना आता हसू आवरेना. बाजूच्या गाडीतून कोणीतरी आपली खुर्ची ओढून जवळ आणली. काकांना हुरूप आला. आणि तेवढ्यात, नजरेच्या कडेला, काकू हातात कप घेऊन गाडीच्या पायरीवर येऊन बसल्या. कपातून वाफ निघत होती. काकांनी तिकडं न बघायचं ठरवलं. ते मान ताठ ठेवून जोरात बोलू लागले.

"आता धुवायचं कसं? मी बंबावरचा माणूस! रस्त्याच्या नळाला मोठा पाइप जोडला, टोक टाकीच्या तोंडात खुपसलं आणि सोडलं पाणी. अहो, खालच्या व्हॉल्व्हमधून असा फवारा सुटला की गाडी उचलली! चाकं जमिनीवरून सुटली. सरळ वर! शेडच्या पत्र्याला टेकली. आणि ही," त्यांनी न बघताच मागे हात केला, "ही आत चादरींच्या घड्या घालत होती. खिडकीतून डोकं काढून मला म्हणते, अहो, जरा हळू, घडी विस्कटते."

"म्हणालीस का गं, ताई?" मेव्हणी पायरीकडे वळून म्हणाली.

काकू कपावर फुंकर घालत होत्या. ती फुंकर काकांना मानेवर जाणवली.

'पी ना एकदाची,' काकांच्या मनात आलं, आणि लगेच, 'नको, इतक्यात नको.' टाकी त्यांनी खरंच धुतली होती. ब्लीच बेताचं घातलं होतं, पाणी बदलून बदलून पाहिलं होतं, नळाखाली नाक धरून धरून नाकाचा शेंडा सोलवटला होता. पण आपल्याच नाकावर आता त्यांचा भरवसा उरला नव्हता. जन्मभर धूर खाल्लेलं नाक. त्याला काय कळतंय?

"मग ब्लीच," ते म्हणाले. त्यांचा आवाज एक पट्टी वर गेला. "वासाचं, फेसाचं नको, साधं. तेही आधी बादलीत पातळ करून. आणि गाळणी, म्हणजे फिल्टर, असेल तर आधी काढून ठेवायची, नाहीतर ती मुकाट मरते. टाकी भरायची आणि प्रत्येक नळ तोवर उघडा ठेवायचा, जोवर ब्लीचचा वास नळापाशी येत नाही. गरम नळ वेगळा, गार वेगळा. मग रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी सोडून द्यायचं, आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्यानं खळखळून घ्यायचं. हे झालं तुमच्यासाठी. माझा हात जरा सैल सुटला. आता माझी गाडी बघा. कुठल्या रंगाची?"

"पांढरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ब्लीच घालायच्या आधी निळी होती!"

सगळे हसले. मेव्हणीसुद्धा हसली. किल्ली क्षणभर थांबली, आणि मग पुन्हा फिरायला लागली.

काकांनी चोरून पायरीकडे पाहिलं. कप ओठांना लागला होता. काकूंचे डोळे मिटलेले. काकांनी झटकन तोंड फिरवलं. छातीत बंब सुटला होता, घंटा वाजवत, तांबडा दिवा फिरवत, वाटेतला प्रत्येक सिग्नल तोडत. आता थांबलो तर ऐकू येईल, त्यांना वाटलं. ती म्हणेल, "डबकं." मग किल्ली, मग मोटार, मग धूळ. थांबायचंच नाही!

"पण इथं तर खरी गंमत सुरू होते!" ते खुर्चीतून उठलेच. "या टाकीच्या आत एक आडवी पट्टी असते, वळणावर पाणी इकडून तिकडं आदळू नये म्हणून. बंबातही असते. त्या पट्टीच्या मागं, अगदी कोपऱ्यात, बुळबुळीत थर शिल्लक राहिला होता. ब्लीचला दाद देईना, पाण्याला भीक घालेना. तिथं हातानंच घासायला हवं. आणि वरचं झाकण केवढं? ताटलीएवढं!"

"मग?" खुर्ची ओढून आलेल्या माणसानं विचारलं.

"मग काय! उतरलो!"

"कुठं?"

"टाकीत! श्वास सोडला, पोट आत घेतलं, खांद्यांना भांडी घासायचा साबण लावला आणि उतरलो. आत बॅटरी लावून उभा राहिलो. काय प्रशस्त जागा! हाक मारली तर आवाज परत येऊन विचारतो, कोण पाहिजे? एका हातात ब्रश, एका हातात फडकं. चालत गेलो पट्टीपर्यंत, पलीकडं उडी मारली, आणि घास घास घासलं! तो म्हातारा बेडूक बोचकं बांधून उभा होता, त्याला वाटेला लावलं. टाकी अशी लखलखली की मी त्यात बघून दाढी केली!"

"आणि काका, बाहेर कसे आलात?" डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"तीच तर अडचण! स्वच्छ हवेनं छाती अशी फुगली की झाकणातून मावेना. मग पंप सुरू केला, नळीत शिरलो आणि आलो शॉवरमधून बाहेर, आंघोळ करूनच! त्या दिवसापासून टाकी भरून ठेवणं बंद. घरी आलो की सगळं पाणी सोडायचं, व्हॉल्व्ह उघडा, नळ उघडे, झाकणावर बारीक जाळी, पाइप निथळून सुकवून टोकं बंद. निघायच्या दिवशी ताजं भरायचं. बंबाचं शिक्षण मी विसरलो, बाई! नोकरी असती तर काढून टाकला असता मला!"

टाळ्या पडल्या. काकांना भान राहिलं नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले, बाह्या मागं सारल्या आणि तळ हादरेल अशा आवाजात म्हणाले, "आणि तो कोपरा कोणी घासला? या हातांनी! एकट्यानं! कोणाचं बोटसुद्धा लागलं नाही!"

"खोटं!"

आवाज पायरीवरून आला. काका गर्रकन वळले. काकू उभ्या होत्या. किल्ली थांबली होती.

"बेडूक बोलला, मी गप्प बसले," काकू म्हणाल्या. "गाडी उडाली, मी गप्प बसले. निळ्या गाडीची पांढरी झाली, तेही ऐकून घेतलं. पण हे साफ खोटं! तुमचा हात त्या झाकणात कोपरापर्यंतसुद्धा गेला नाही, तिथंच अडकला आणि तुम्ही 'बंब बोलवा, बंब बोलवा' म्हणून ओरडत होता. तो कोपरा मी घासलाय. खांद्यापर्यंत हात घालून. ही बघा पट्टी, झाकणाच्या कडेनं सालटं निघालंय माझं!"

त्यांनी तो पट्टीचा हात सगळ्यांसमोर लांब केला. त्या हातात कप होता. उपडा, तळापर्यंत रिकामा.

"आणि उभे काय राहिलात असे? धाकटी, ठेव ती किल्ली पर्समध्ये आणि आतून किटली आण. मला अजून एक कप हवाय, यांना पण दे, आणि मग बोला म्हणावं, थापाडे कुठले!"