इंजिनखाऊंचा फिल्टर

आमच्या चिरंजीवांनी ऑइल फिल्टरचा जेवढा अभ्यास केला, तेवढा शाळेत केला असता तर मास्तरांनी मला दर महिन्याला बोलावलं नसतं. आठ दिवस मोबाइलमध्ये नाक खुपसून बसले होते. कोणत्या फिल्टरच्या कागदाला किती घड्या, कोणाचं रबर कसलं, कुठल्या परक्या माणसाने कशाला किती चांदण्या दिल्या, सगळं तोंडपाठ. शेवटी चार फिल्टर मागवले आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले.

"आई, फिल्टर म्हणजे इंजिनाची किडनी."

"मग टेबलावर कशाला काढून ठेवल्यास? मला पानं वाढायचीत."

गाडी म्हणजे आमची सात माणसांची व्हॅन, बावीस वर्षांची. सूनबाई नर्स आहे. तिची बदली झाली तीनशे किलोमीटरवरच्या दवाखान्यात. शनिवारी ती, नात आणि अर्धा संसार ह्याच व्हॅनमधून जाणार, वाटेत मोठा घाट. म्हणून आधी तेल बदलायचं. एरवी हे काम आमचे हे करायचे. कुठून तरी फिल्टर आणायचे, गाडीखाली शिरायचे आणि तासाभराने हात पुसत बाहेर यायचे. पण यंदा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, वाकायला मनाई. त्यामुळे घरातल्या विद्वानाला संधी मिळाली.

ह्यांनी एक फिल्टर उचलला, रबराच्या कडेवरून बोट फिरवलं आणि खाली ठेवला. "हा बसणार नाही."

"का बसणार नाही? गाडीचं मॉडेल, साल, सगळं बघून मागवलाय."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी भाजी निवडायला लागले.

"सांगा ना बाबा, का?"

"असंच. नाही बसणार."

"असू दे हो," चिरंजीव हसले. "इंजिनखाऊंनी इंजिनाबद्दल बोलू नये."

इंजिनखाऊ हे नाव मीच ठेवलेलं. एकोणीस वर्षांपूर्वी ह्या गाडीचं इंजिन जळालं, कारण हे तेल घालायला विसरले, हे आमच्या सगळ्या नात्यागोत्याला, अगदी गॅरेजच्या मिस्त्रीलाही माहीत आहे. मीच सांगितलंय, आणि काही कमी वेळा नाही. दूध उतू जावो, नळ गळो, मी म्हणायचीच, "इंजिनखाऊंच्या घरात दुसरं काय होणार!"

खरं काय ते आता लिहिते. तेव्हा मी नुकती गाडी शिकले होते. हे कामासाठी परगावी. माझी धाकटी बहीण म्हणाली होती, "ताई, तुला कसली जमतेय गाडी!" झालं, निघाले तिला दाखवायला. वाटेत समोर तेलाच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा लागला. लागला तो विझेचना, सारखा डोळ्यात खुपायला लागला, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली आणि तशीच दामटली. बहिणीच्या दारात पोचले, ऐटीत हॉर्न वाजवला आणि तिथेच इंजिनाने मान टाकली. दुसऱ्या दिवशी हे आले. पट्टी बघितली, हळूच सोलून खिशात घातली आणि बहिणीसमोर म्हणाले, "माझीच चूक. तेल घालायचं राहिलं." मग त्यांनी एका मोठ्या गाडीचं जुनं इंजिन मिळवून ह्या गाडीत बसवलं. लोकांना मात्र सांगितलं, तेच दुरुस्त केलं. दुसरं इंजिन म्हटलं की चौकशा आल्या. एवढं जळेपर्यंत दिवा कसा लागला नाही? आणि दिव्याची चौकशी मला नको होती.

म्हणजे गाडी एका मॉडेलची आणि पोटातलं इंजिन दुसऱ्याचं. चिरंजीवांच्या चांदण्या कितीही चमकू देत, गाडीचं नाव सांगून मिळणारा फिल्टर तिला लागणारच नव्हता. हे माहीत होतं आम्हा दोघांना. त्यातले हे बोलणार नव्हते आणि मला बोलायचं नव्हतं. मनात म्हटलं, नाहीच बसला तर दुकानदार बघेल. मी कशाला तोंड घालू?

शुक्रवारी आम्ही सगळे गॅरेजमध्ये गेलो. पुढे सुट्या भागांचं दुकान, मागे मिस्त्रीचा खड्डा. दुकानदाराने कॉम्प्युटरमध्ये गाडीचं मॉडेल घातलं, आणि आमच्या चिरंजीवांच्या हातातला आकडाच पडद्यावर आला. पोराची छाती वीतभर फुगली.

तेवढ्यात मिस्त्री जुना फिल्टर काढून खड्ड्यातून वर आला. चांगला गुबगुबीत. "हा कोणी लावला होता? हा तर मोठ्या गाडीचा!"

"बाबा!" चिरंजीव ओरडले. "इतकी वर्षं चुकीचा फिल्टर? एक इंजिन खाल्लंत ते पुरलं नाही का?"

मिस्त्रीने नवा फिल्टर फिरवून बघितला. "आटे धरतायत. रबर कडेला सूतभर हुकतंय, पण आवळला की बसेल."

"आवळू नका," हे म्हणाले. "घाटात दाब वाढला की तिथूनच तेल बाहेर येईल."

"काका," मिस्त्री हसला, "तेल संपल्यावर काय होतं, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार!"

सगळे हसले. सूनबाईसुद्धा. एरवी मीही हसले असते, चार शब्द वर घातले असते.

"बाबा, आजपासून बॉनेटला हात लावायचा नाही," चिरंजीव म्हणाले. "कबूल?"

ह्यांनी काळा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. "कबूल."

मिस्त्रीने पाना उचलला. माझी सून आणि नात त्या सूतभर हुकलेल्या रबराच्या भरवशावर घाट उतरणार होत्या. आणि तिथे शहाणं बोलणारा एकच माणूस होता, ज्याचं कुणी ऐकू नये अशी सोय मीच करून ठेवलेली.

"पाना खाली ठेव रे," मी म्हटलं. "इंजिन ह्या गाडीचं नाहीच आहे. बदललंय. त्यावरचा नंबर बघ आणि मग कॉम्प्युटरला विचार."

"बदललंय? कधी?" चिरंजीव माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

सूनबाई नर्स, तिला आधी लक्षणं लागतात. "पण आई, एवढं बदलायची वेळ येईपर्यंत दिवा नाही लागला?"

"तेल घालायचं माझ्याकडून राह..." ह्यांनी सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा हो! लागला होता दिवा. गाडी मी चालवत होते. दिव्यावर मी चिकटपट्टी लावली."

मिस्त्रीने आयुष्यात काय काय बघितलं असेल, पण तोही पाना हातात धरून उभाच राहिला. हसलं मात्र कुणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी चार शिव्या तरी दिल्या असत्या.

मग मिस्त्री हातातली बॅटरी पेटवून खाली गेला आणि इंजिनाचा नंबर ओरडून सांगितला. दुकानदाराने फळीवरून गुबगुबीत फिल्टर काढला. मिस्त्रीने रबराला तेलाचं बोट लावलं, हातानेच आवळला आणि गाडी दहा मिनिटं चालू ठेवली. थेंबसुद्धा नाही.

घरी आल्यावर वाटलं, आता हे माझे उपकार मानतील. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत फुगून बसले.

"तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"अहो, तुमची बाजू घेतली मी!"

"एकोणीस वर्षं सांभाळलं होतं मी. तू टोमणा मारलास की मी मनात हसायचो. आता कशावर हसू?"

लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि हा माणूस मनात हसतो हे मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी सकाळी व्हॅन भरली. सूनबाई स्टिअरिंगवर बसली, पट्टा लावला आणि परत उतरली. "बाबा, तुम्ही चला ना. घाटात इंजिनाचा आवाज ऐकायला कुणीतरी हवं. आठ दिवस राहा माझ्याकडे." ह्यांनी एवढंसुद्धा म्हटलं नाही की विचार करून सांगतो. डोळ्यांची औषधं खिशात घातली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. नातीने मागून त्यांच्या गळ्यात हात टाकले. गाडी वळली तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कान इंजिनाकडे ना!

"आई, तू पण गेली असतीस की," चिरंजीव म्हणाले.

"मला कुणी विचारलं?" म्हटलं, आणि फाटक लावून घेतलं.