‘ताम्रगड’चा चतकोर

‘ताम्रगड’चा नववा खंड येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि आमच्या चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची पार चिरफाड झाली होती.

“अर्धं पुस्तक नुसते चालतायत,” रुचिताने टिटवाळ्याहून लिहिलं. “अर्कदेव म्हातारा झालाय, त्याचे गुडघे दुखतात. गुडघे माझेही दुखतात, त्यासाठी पुस्तक कशाला वाचू?”

राकेशने तर निकालच लावला. “फालतू. लेखकालाच कंटाळा आलाय. आता निकालाला बसायची गरज नाय, सगळ्यांचं मत एकच आहे. बंद करूया.”

मला राग आला. पुस्तक मलाही आवडलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. पण ‘बंद करूया’ म्हणणारा हा कोण टिकोजीराव? निकाल बंद म्हणजे आम्हीच बंद. लग्नं झाली, मुलं कॉलेजात गेली, आम्ही चार दिशांना पांगलो. चौघांना एका जागी आणणारं दुसरं काही उरलंच नव्हतं.

निकाल म्हणजे काय ते सांगते. डोंबिवलीला शाळेत असताना पहिला खंड आला, तेव्हा पुस्तक एक आणि आम्ही चौघं. थांबायची तयारी कुणाचीच नाही. सुदेशच्या वडिलांचं, मारुतीकाकांचं, बाइंडिंगचं दुकान होतं. आमची भांडणं ऐकून काका एकदा वैतागले. त्यांनी पुस्तकाची शिवण उसवली, चार भाग केले, प्रत्येकाला खाकी कव्हर घातलं आणि म्हणाले, “घ्या एकेक चतकोर. खा आता.”

तेव्हापासून चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला जो चतकोर येईल, त्याची गोष्ट तिथून सुरू. आठ दिवसांनी अदलाबदल. चौघांचे चारही वाचून झाले की काका पुस्तक पुन्हा लाल कापडात शिवून द्यायचे आणि मग दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही मतं सांगायची. तो निकाल. तोपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

राकेशला हे कधी जमलं नाही. शेवट हाती लागला की तो फोडलाच म्हणून समजा. तिसऱ्या खंडात त्याला आधी चौथा चतकोर आला. त्यात सोमकेतू बेड्या घालून उभा, भाषण असं की दगडाला पाझर फुटावा. राकेशने दोन आठवडे सोमकेतूची वकिली केली, त्याच्यावर अन्याय झाला म्हणून माझ्याशी कडाकडा भांडला. मग पहिला चतकोर हातात आला, त्यात सोमकेतूने तीन गावं जाळलेली. राकेश दोन दिवस शाळेत आला नाही. काका इतके हसले होते की खळीचं भांडं कलंडलं.

आता काका नाहीत. सुदेश ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरी करतो आणि मशीन गंजू नये म्हणून रविवारी दुकान उघडतो. ग्रुपवर तो एकटा काहीच बोलला नव्हता. त्याला तरी पुस्तक आवडलं असेल, निकाल बंद न करण्याच्या बाजूने एक मत पडेल, या आशेने रविवारी मी माझी प्रत पिशवीत टाकली आणि निघाले. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकने माझा राग छान मुरवून दिला.

दुकानात तोच खळीचा वास. वरच्या फळीवर आठ लाल खंड. सुदेशने चहा सांगितला.

“काय रे, मूग गिळून बसलायस? तुझं मत काय?”

“मी ग्रुप उघडलाच नाही. खंड आला कळल्यावर बंदच करून टाकला. राकेश शेवट फोडणार, माहितीये ना.”

“म्हणजे तू वाचलं नाहीस?”

“माझा चतकोर कुठे आलाय अजून?” त्याने अगदी सहज विचारलं.

टेबलावर चार खाकी कव्हरं कापून तयार होती. शेजारी दोऱ्याचं रीळ आणि लाल कापड. मी मुकाट्याने पुस्तक बाहेर काढलं. त्याने ते हातात घेतलं आणि मी वाचताना दुमडलेले पानांचे कोपरे त्याला दिसले.

“तू वाचलंस?”

“हो.”

“अख्खं? एकटीने?”

मला हो म्हणवेना. रुचिताने आपली प्रत घेतलीय, राकेशने मोबाइलवर वाचलं, सगळं सांगून टाकलं.

“मग राहू दे,” कव्हरं गोळा करत तो म्हणाला. “कॉलेजच्या प्रोजेक्टना वापरीन ही.”

इतकं वाईट मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

“राहू दे काय? काप.”

“अगं, नवं कोरं पुस्तक आहे.”

“काप म्हणते ना!”

त्याने काकांची सुरी काढली. “हल्ली शिवत पण नाहीत, नुसतं चिकटवतात,” असं पुटपुटत त्याने चार भाग केले. गैरहजर दोघांच्याही चिठ्ठ्या आम्हीच उचलल्या. गुडघेदुखीचा तिसरा चतकोर माझ्याच नशिबी आला. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. राकेश पहिला, सुदेश दुसरा, मृणाल तिसरा, रुचिता चौथा. आठ दिवसांनी अदलाबदल. निकाल पायरीवर. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही.

“माझा न्यायला मीच येते,” रुचिताने लगेच लिहिलं.

राकेशने फोटो पाहिला, पण उत्तर नाही. चहा संपला. आता हा खिल्ली उडवणार, ‘वेड लागलंय का’ म्हणणार, याची मी मनाने तयारी केली. सुदेश मान खाली घालून कव्हरं चिकटवत होता, पण कान माझ्या फोनकडेच होते.

फोन वाजला. राकेशने लिहिलं होतं, “माझा पहिला ना? मग शेवट सांगू नका रे कोणी.”

अख्खं पुस्तक वाचून फालतू म्हणणारा हाच तो माणूस. मी सुदेशला वाचून दाखवायला गेले, तर हसू आवरेना आणि डोळे भरून आले.

“नाही सांगत,” मी लिहिलं.