अरबस्तानात उतार, मुठ्यात अंधार

१९६० च्या श्रावणात जगात तेलाचे भाव पडले आणि मुठा गावातले दिवे विझले. या दोन्हींचा संबंध हैबतरावांनी जोडला. त्यांच्याकडे पुण्याचा पेपर तीन दिवसांनी यायचा, त्यामुळे बातमी चांगली मुरलेली असायची.

"थांबा जरा," ते पारावर म्हणाले. "अरबस्तानात तेल उतरलंय. आपलं रॉकेल बी उतरणार. आत्ता घेईल तो येडा."

येडं कुणालाच व्हायचं नव्हतं. गाव दिवसाउजेडी जेवून अंधार पडताच झोपू लागलं. रफीकच्या दुकानात रॉकेलचे डबे तसेच राहिले. पंधरा दिवसांत दुकान मोडून सुस गावी सासऱ्याच्या म्हशी राखायची पाळी त्याच्यावर येऊ घातली. म्हशींबद्दल त्याची तक्रार नव्हती.

हवालदिल होऊन त्यानं बाटलीमागं दोन पैसे कमी केले. धोंडाबाई भाव विचारून रिकाम्या हातानं परतली. "उतरायला लागलंय गं," तिनं गल्लीभर सांगितलं. "आता तर दम धराच."

मग रफीकच्या बायकोनं, कमरबीनं, पाटीवरचा भाव पुसून चार पैसे चढवून लिहिला. भाव चढतोय म्हटल्यावर तासाभरात दुकानापुढं झुंबड उडाली. सगळ्यांत पुढं हैबतराव होते.

"काका, तुमी तर उतरणार म्हनला हुता," रफीक म्हणाला.

"उतरलंच की. पर त्या अरबांचं नुकसान कुनीतरी भरून द्याया नको व्हय?" असं म्हणत त्यांनी दुसरी बाटली पुढं केली.