हयगय केली कुणी?

पीक-नुकसानीच्या अहवालात लिहिलं होतं : 'वेळेवर खुरपणी करण्यात हयगय केल्याने तण माजले.' पेणच्या कृषी कार्यालयात ती ओळ वाचताना शकूचे कान तापले.

धरमतर खाडीला लागून तिचं भाताचं शेत. जुलैच्या उधाणाला बांधाला भगदाड पडलं, खारं पाणी आत शिरलं. मग पावसानेही दडी मारली, त्यामुळे खार धुऊन गेलाच नाही. भात पिवळं पडून खुजं राहिलं आणि पाखड मात्र तरारून वर आली. पाखड म्हणजे अगदी भातासारखंच दिसणारं गवत. तीन वेळा शकूने ती उपटली होती. बोटांची सालं निघाली होती.

आणि अहवालाखाली पंच म्हणून सही होती तिच्या दिराची, हैबतरावांची.

ती थेट त्यांच्या पडवीत गेली. "भावोजी, बांध बघितलात?"

"सायब घाईत होते गो. सही मागितली, दिली. त्यात काय?"

"त्यात मी आळशी ठरले!"

त्याच दिवशी तिने दोन डब्यांत माती भरली. दोन्हींत भाताची चार नि पाखडीची चार रोपं लावली. एकाला विहिरीचं पाणी, दुसऱ्याला शेतातलं. वीस दिवसांनी दोन्ही डबे घेऊन ती एसटीने पेणला गेली आणि अहवाल लिहिणाऱ्या साहेबांच्या टेबलावर तिने ते आदळले. विहिरीच्या पाण्यावर भात पाखडीच्या वर गेलं होतं. खाऱ्या पाण्यावर भात करपलं होतं आणि पाखड वीतभर उंच होती.

"बाई, डब्यावरून असं ठरत नाही," साहेब म्हणाले.

शकूने पिशवीतून बाटली काढून त्यांच्या ग्लासात पाणी ओतलं. "शेतातलं हाय. प्या, आन मंग लिवा हयगय."

बाहेरच्या बाकावरची माणसं दारात आली. साहेबांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

दुसऱ्या दिवशी ते येऊन भगदाड मोजून गेले. 'दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवतो,' म्हणाले. प्रस्ताव! पीक तर हातचं गेलंच होतं. भगदाड तसंच राहिलं, तर पुढच्या वर्षीही पाखडच कापायची?

ओहोटी लागताच शकू, शेजारची पुतळी आणि आळीतल्या सात-आठ बायका चिखलाचे गोळे घेऊन बांधावर उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने हैबतराव फावडं घेऊन आले.

"आधी सही मागं घ्या," शकू म्हणाली. "तोवर हात लावू नका."

"सकाळीच पेणला जाऊन लिवून दिलं. न बघता सही केली म्हणून."

शकूने त्यांच्याकडे पाहिलं. राग तिळभरही उतरला नव्हता.

"मंग त्या टोकाला लागा," ती म्हणाली. "माझ्या बाजूला नको."