नवमीला पाडलेला मेन

कॉलेजची लॅब सांभाळणाऱ्या राजेश्वरीनं एंटर इतक्या जोरात हाणला की मॉनिटरवरचं झेंडूचं सुकलेलं फूल खाली पडलं. पुन्हा तीच बोंब. पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम सुरू होईना, कारण त्याला आवाजाची लायब्ररी हवी. लायब्ररी बसेना, कारण तिला आणखी एक पॅकेज हवं. आणि ते पॅकेज अर्धवट बसून मेलेलं.

शेजारी शिवगंगा हेडफोन गळ्यात अडकवून बसली होती. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. अणदूरच्या या कॉलेजात तीन वर्षं तिनं सांगायचं आणि लेखनिकानं स्वतःला सुचेल ते लिहायचं, असं चाललं होतं. आज अकराचा पेपर ती पहिल्यांदा स्वतः टाइप करणार होती. लॅबमधल्या या एकाच लिनक्स मशीनवर ती सोय. साडेदहा झाले होते.

प्राचार्य पंचाक्षरी दारात आले.

"न्हाय जमत तर सोडा की मॅडम. लेखनिक बसवून ठेवलाय. तिला पडदा असला काय अन् नसला काय."

"कान शाबूत आहेत तिचे, सर."

"चिडताय कशाला? पोरीच्या भल्याचंच बोलतोय."

"भलं ऱ्हाऊ द्या. अर्धा तास द्या."

तिनं लॉग उघडला. अष्टमीच्या संध्याकाळी तिनंच अपडेट लावून ठेवलं होतं. इथलं नेट म्हणजे रात्रभराचं काम. शेवटची ओळ होती खंडेनवमीची, सकाळी नऊ चाळीसची. त्यापुढं काहीच नाही. सीपीयूला हळदीकुंकू लावलं, हार घातला, फोटो काढला आणि खटकन मेन स्विच पाडला! यंत्राला हात जोडायचे आणि त्याच्याच तोंडातला घास ओढायचा.

"नागप्पा!"

शिपाई नागप्पा टोपी सावरत आला.

"नवमीला मेन कुणी पाडला?"

"म्या पाडला."

"डोकं आहे का टोपी अडकवायची खुंटी? बाहेर व्हा. मशीनजवळ दिसू नका."

नागप्पानं तोंड उघडलं, प्राचार्यांकडं पाहिलं आणि मिटलं. तो गेला. मागोमाग प्राचार्यही.

तिनं अर्धवट पॅकेज मुळासकट उपटलं, तुटकी फाइल पुसली, मोबाइलचं नेट जोडून नवी ओढली. आधी पॅकेज, मग लायब्ररी, मग प्रोग्राम. अकराला सहा मिनिटं कमी असताना हेडफोनमधून बारीक आवाज आला. शिवगंगाची बोटं कीबोर्डवर स्थिरावली.

"मॅडम, एक बोलू?"

"बोल की."

"नागप्पामामावर वरडायला नको होतं. नवमीला मी इथंच होते. तुमचा फोन त्यांनी स्पीकरवर घेतलता. 'पूजा झाली की मेन पाडा, दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा न्हाय,' तुम्हीच म्हणला. मामा म्हणले, कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा अजून घुमतोय. तुम्ही म्हणला, घुमू द्या, पाडा."

पेपरची घंटा झाली. राजेश्वरी व्हरांड्यात आली.

नागप्पा मेनच्या बोर्डाला पाठ लावून उभा होता.

"इथं काय करताय?"

"मशीनपासनं लांबच हाय, मॅडम." त्यानं पाठ हलवली नाही. "पेपर सुटस्तवर मेनवर कुणाचा हात पडाय नको."

राजेश्वरी बोर्डाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.