पहिला हात आपला

"रोज पहिला हात आपला. मग दुसऱ्याचा. आणि ज्या दिवशी घाई असेल, त्या दिवशी तर आधी आपलाच."

गुस्ताव्ह मास्तरांचा हा आवाज माझ्या रेषारेषांत मुरलेला आहे. मला घडवून जावयाच्या हाती देताना ते एवढेच बोलले होते. मास्तर जाऊन कित्येक हिवाळे लोटले. पण थंडीत माझे लाकूड जरा कुरकुरले, की वाटते, तेच पुन्हा बजावत आहेत.

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. वीत मोजायची फळी.

त्याही आधी मी जमीन होते. नेब्रास्कातल्या एका लहान गावच्या शाळेत खेळायचे दालन होते, त्याची मेपल लाकडाची जमीन. तीस वर्षे माझ्यावर मुले धावली, चेंडू आपटले, शनिवारी तरुण जोडपी नाचली. ते ठेके अजून माझ्या पोटात आहेत. मग नवी जमीन घालायचे ठरले आणि जुन्या फळ्या अंगणात रचल्या गेल्या. शाळेत सुतारकाम शिकवणारे गुस्ताव्ह मास्तर त्या ढिगापाशी आले, बोटाने टकटक करत फिरले आणि मला उचलून घेऊन गेले.

त्यांनी मला रंधा मारला. डाव्या टोकाला एक उभी पट्टी ठोकली, अंगठा टेकवायला. वर इंचांच्या खुणांची पितळी पट्टी स्क्रूने बसवली. मग आपल्या मुलीला हाक मारली. लोरेटाने अंगठा कडेला टेकवला, करंगळी ताणली. बरोबर आठ इंच. मास्तरांनी तिच्या करंगळीपाशी माझ्या लाकडावर पेन्सिलीची बारीक खूण केली आणि शेजारी 'लो' असे लिहिले. माझ्यावर पडलेला तो पहिला हात.

लोरेटाचा नवरा व्हर्जिल. त्याचे काम मोठे नवलाचे. तिकडचे फुटबॉल म्हणजे पायाने कमी आणि हातानेच जास्त. चेंडू लांबुडका, अंड्यासारखा; तो हातात धरून पळायचे, हवेतून फेकायचे. दरवर्षी एप्रिलमध्ये मोठे धंदेवाईक संघ एकत्र येतात आणि कॉलेजातली मुले पाळीपाळीने निवडतात. त्याला ते ड्राफ्ट म्हणतात. त्या दोन दिवसांसाठी वर्षभर पारखी लोक गावोगाव हिंडतात. बाविशीतल्या मुलाकडे बघून त्यांनी सांगायचे, की हा सत्ताविसाव्या वर्षी काय होईल. कोवळ्या रोपाकडे बघून कणसातले दाणे सांगावेत तसे.

व्हर्जिल उत्तरेकडच्या एका संघाचा पारखी होता. तो मुलांची उंची मोजायचा, वजन करायचा, चाळीस यार्ड पळवून घड्याळ लावायचा. आणि जो मुलगा चेंडू फेकतो, ज्याला ते क्वार्टरबॅक म्हणतात, त्याची वीत माझ्यावर घ्यायचा. डिसेंबरात चेंडू बर्फाने ओला आणि दगडासारखा होतो. लहान पंजातून तो निसटतो.

मी गाडीच्या डिकीत निजून असे. मला मैदान दिसले नाही, गर्दी दिसली नाही. मला जग कळले ते तळहातांतून. कुणाच्या हाताला गवताचा वास, कुणाच्या हाताला डिझेलचा. एका मुलाची बोटे अगदी हलकी टेकली, फुलपाखरू बसावे तशी. हात उचलला गेला तरी त्याची ऊब माझ्यावर थोडा वेळ रेंगाळे, आणि पुढच्या गावापर्यंत मी त्या उबेत स्वप्ने बघे. हा कुठपर्यंत जाईल? चेंडू सुटला की आकाशात केवढी कमान उमटेल?

दुसरे पारखी व्हर्जिलची थट्टा करत.

"काय ज्योतिषीबुवा, आज कुणाची हस्तरेषा?"

"रेषा तू बघ. मी लांबी बघतो," व्हर्जिल म्हणे.

"अरे, साधी कागदी पट्टी मिळते दुकानात! हे काय देवळातलं बाक उचलून आणल्यासारखं?"

"कागद ताणला जातो, बाबा. सासऱ्यानं दिलेलं लाकूड ताणलं जात नाही. सासऱ्यासारखंच आहे."

सगळे हसत. पण कुणाचाही हात घेण्याआधी व्हर्जिल स्वतःचा पंजा माझ्यावर ठेवी. साडेनऊ. रोज साडेनऊ. मग मान हलवून म्हणे, "चला, आपण दोघं शाबूत."

आणि घरी लोरेटा होती. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. रोज पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून ती व्हर्जिलच्या वहीतली नावे देवापुढे वाचायची. एकही सकाळ तिने चुकवली नाही. वहीत नावे क्रमाने असत: पहिला कोण, दहावा कोण. लोरेटा मात्र आपल्या कागदावर ती आडनावाच्या अक्षराने लिहून घेई.

"अगं, निदान पहिले पाच तरी वर घे," व्हर्जिल चिडवायचा.

"ते तुझ्या भिंतीवर. माझ्या खिडकीत सगळे एका रांगेत."

मित्रांनो, आता ती शरद ऋतूची गोष्ट सांगते. ती सांगायलाच तर इतका वेळ बोलते आहे.

व्हर्जिलच्या नोकरीचे ते शेवटचे वर्ष होते. रस्त्यात टायर बसला. डिकीतून जॅक काढताना तो त्याच्या हातून सुटला आणि माझ्यावर आदळला. मधे व्हर्जिलचा उजवा अंगठा होता. त्याचे हाड मोडले आणि माझी पितळी पट्टी उखडली.

दुसऱ्या दिवशी लॉजच्या खोलीत त्याने डाव्या हाताने, खिशातल्या चाकूने ती पट्टी परत बसवली. जुनी भोके ढिली झाली होती, म्हणून शेजारी नवी पाडली. पट्टी पाव इंच उजवीकडे सरकली. डाव्या टोकाला फट दिसत होती, ती आदळल्यामुळे पडली असे समजून त्यावर त्याने चिकटपट्टी लावली. मी ओरडले असते, पण मला तोंड कुठे आहे? आणि ज्या हाताने ती चूक पकडली असती, तो प्लॅस्टरमध्ये होता.

त्याच आठवड्यात, दक्षिण डकोटातल्या एका छोट्या कॉलेजात, रॉडनी ओस्टबर्ग माझ्यासमोर आला. तिथे दुसरा कुठलाही पारखी फिरकत नसे. त्याचा तळहात मला अजून आठवतो. कोरडा, शांत, धान्याच्या कोठारासारखा वास येणारा.

"पावणेनऊ," व्हर्जिलने वाचले.

"पावणेनऊ?" रॉडनी गोंधळला. "कॉलेजात तर नऊ भरला होता, सर."

"कॉलेजातल्या पट्ट्या फार मायाळू असतात, बाळा."

रॉडनी हसला नाही. "आणि तुमचीच पट्टी चुकत असली तर?"

व्हर्जिलने त्याच्याकडे नीट पाहिले. "चूक माझी निघाली, तर मी स्वतः येऊन सांगेन. चिठ्ठी नाही, फोन नाही. स्वतः. शब्द देतो."

त्या वर्षी माझ्यावर सात मुलांचे हात पडले. सहा जणांना पुढे फेब्रुवारीतल्या मोठ्या चाचणीचे बोलावणे आले. तिथे त्यांचे हात पुन्हा मोजले गेले, नवे आकडे लागले. रॉडनीला बोलावणे आले नाही. छोट्या कॉलेजातल्या मुलाला ते सहसा येत नाही. त्याच्यासाठी माझाच आकडा शेवटचा ठरला. आणि पाच-सहा संघ मिळून एकच यादी वापरत, त्यामुळे तो सगळीकडे पोचला.

महिन्याभराने प्लॅस्टर निघाले. व्हर्जिलने पहिल्या सकाळी पंजा माझ्यावर ठेवला. सव्वानऊ.

तो अंगठ्याकडे बघत राहिला. "आखडला वाटतं," म्हणाला. "म्हातारपण आलं, लोरेटा."

मोजणाऱ्याला आपल्या फळीचा केवढा भरवसा! त्याने शंका घेतली ती स्वतःच्या हाडांवर. माझ्यावर नाही.

ड्राफ्टच्या दिवशी मी त्याच्या पिशवीतून डोकावत होते. संघाच्या कचेरीतली एक भिंत नावांच्या पाट्यांनी भरली होती, वरच्या ओळीत सर्वांत चांगले, खाली कमी, आणखी खाली आणखी कमी. रॉडनीची पाटी चौथ्या ओळीत होती. व्हर्जिलनेच भांडून तिथे लावली होती.

प्रमुख होते कॅलहून साहेब. त्यांनी विचारले, "हा ओस्टबर्ग. हात?"

"पावणेनऊ. पण साहेब, याचं डोकं बघा. तीन वर्षांत..."

"नऊच्या खाली मी चेंडू देत नाही, व्हर्जिल. आपल्याकडे बर्फात खेळतात. डोक्यानं चेंडू धरतोस का तू?"

कुणीतरी हसले. पाटी भिंतीवरून निघाली आणि खणात गेली. त्या दिवशी रात्रीपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन वाजत राहिले. ओस्टबर्गच्या घरी एकही वाजला नाही.

मे महिन्यात व्हर्जिल निवृत्त झाला. मी गॅरेजमधल्या फडताळावर गेले, रंगाच्या डब्यांमागे. धुळीची मऊ दुलई अंगावर आली. अकरा वर्षे मी तिथे झोपले होते. झोपेत मी पुन्हा जमीन व्हायचे आणि माझ्यावरून मुले धावायची. पण एक मुलगा कडेलाच उभा असायचा, आणि त्याचे हात मला दिसायचे नाहीत.

लोरेटाने मात्र त्याचे नाव आपल्या कागदावर ठेवले होते. बाकीची नावे बदलत गेली, आता ती शेजाऱ्यांची आणि चर्चमधल्यांची असत, पण हे राहिले. नाताळात ती रॉडनीच्या आईला पत्र पाठवी. तिकडून फोटो येई: रॉडनी गावच्या धान्यकोठारात कामाला लागला, रॉडनीचे लग्न, रॉडनी शाळेतल्या मुलांना खेळ शिकवतो.

गेल्या आठवड्यात गॅरेज आवरताना लोरेटाच्या हाताला मी लागले. तिने पदराने लेकरू पुसावे तसे मला एप्रनने पुसले. वडिलांनी केलेली पेन्सिलीची खूण दिसली आणि ती हसली. अंगठा कडेला टेकवून तिने करंगळी ताणली. करंगळी बरोबर खुणेवर आली.

मग तिने पितळेवरचा आकडा वाचला.

"व्हर्ज," तिने हळूच हाक मारली. "इकडे ये जरा."

"काय झालं?"

"माझा हात बाबांच्या खुणेवरच पोचतोय. मग ही पट्टी पावणेआठ का म्हणते?"

व्हर्जिलने वाकून पाहिले. नखाने ती जुनी चिकटपट्टी काढली. खाली पाव इंचाची फट होती. बाभळीच्या शेंगेत बी बसावे, एवढीशी.

तो रंगाच्या डब्यावर बसला. म्हणाला, "मला वाटलं, माझा अंगठा आखडला."

"मला ठाऊक आहे."

"त्याचा नऊ होता, लोरेटा. तो सांगत होता नऊ. मी थट्टा केली त्याची."

लोरेटा घरात गेली आणि नाताळाचे सगळे फोटो घेऊन आली. एकेक करून तिने ते माझ्यावर मांडले. "हे बघ. लग्नातला. हा मुलांबरोबरचा. हा गेल्या वर्षीचा. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं."

प्रत्येक फोटोत रॉडनीचे दोन्ही हात खिशात होते.

व्हर्जिलने पेचकस उचलला. "आधी हिला नीट करतो."

"नको," लोरेटा म्हणाली. "आहे तशीच ने. त्याच्या डोळ्यांना दिसू दे. तिथे त्याच्यासमोर नीट कर."

"आता जाऊन काय उपयोग गं? तेहतीस वर्षांचा असेल तो. त्याला काय मिळणार यातून?"

"ते तो ठरवेल. तू शब्द दिला होतास."

"त्यानं दार लावलं तोंडावर तर?"

"तर दाराला सांग आणि परत ये. मी जेवायला पॉट रोस्ट करून ठेवते."

मित्रांनो, माझी वस्तू म्हणून एकच विनवणी आहे. तुमच्या घरात, शाळेत, दुकानात मोजायची जी साधने असतील, त्यांना जपा. ती पडली, आदळली तर नुसती चिकटवू नका, तपासा. आमच्यावर विसंबून तुम्ही एखाद्याला खालच्या ओळीत ठेवता, आणि आम्हाला तर बोलता येत नाही. कुणाचाही हात आमच्यावर ठेवण्याआधी रोज आपला ठेवा. आणि आकडा पटला नाही, तर दोघांवरही शंका घ्या, हातावर आणि पट्टीवर.

आज सकाळी लोरेटाने खिडकीशी बसून नावे वाचली. ओस्टबर्गपाशी ती थोडी थांबली. मग शेवटी कागदावर नसलेले एक नाव घेतले, नवऱ्याचे. व्हर्जिल दाराशी टोपी हातात धरून उभा होता.

तिने सँडविचचा डबा आणि कॉफीचा थर्मास दिला. कोटाचे वरचे बटण लावले.

त्याने मला डिकीत टाकले नाही. पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी ठेवले. इतक्या वर्षांत प्रथमच मला रस्ता दिसत होता. दोन्हीकडे कापलेल्या मक्याची धसकटे, त्यांच्यावर दहिवर, आणि पार टोकाला धुक्यात विरघळलेले आकाश.

चावी फिरवण्याआधी त्याने आपला पंजा माझ्यावर पसरला. अंगठा कडेला, करंगळी जाईल तितकी लांब.

"सव्वानऊ," त्याने खोटा आकडा मोठ्याने वाचला आणि मान हलवली.

मग हात उचलून त्याने गाडी सुरू केली, आणि आम्ही उत्तरेला वळलो.